नववा वजीर बसतच नाही!

बालदोस्तांनो, बुद्धिबळाचा पट समोर घ्या. ६४ घरांचा. आता राजा, हत्ती, उंट, घोडे, प्यादी सगळी डब्यात परत टाका. आपल्याला हवेत फक्त वजीर. एक-दोन नव्हे, पुष्कळ! डब्यात एवढे वजीर नसणारच, म्हणून त्यांच्याऐवजी चिंचोके घ्या, नाहीतर शर्टाची जुनी बटणं घ्या. पट नसेल तर वहीच्या पानावर आठ बाय आठ चौकोन आखले तरी चालेल.

अट एकच. कोणताही वजीर दुसऱ्या वजिराच्या माऱ्यात येता कामा नये. वजीर उभा, आडवा आणि तिरपा हवी तितकी घरं चालतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तर मग सांगा पाहू, पटावर जास्तीत जास्त किती वजीर बसतील?

हा नेहमीचा डाव नाही, बरं का! इथे समोर प्रतिस्पर्धी नाही, घड्याळ नाही, हारजीत नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातल्या बाटुमी शहरात महिलांचा विश्वचषक जिंकला, तो समोरच्या खेळाडूला हरवून. पण त्याच पटावर आणखी एक खेळ चालतो. त्यात माणूस खुद्द पटाशीच खेळतो. सर्वांत जास्त मोहरे, सर्वांत जास्त खेळ्या, सर्वांत अवघड मात, असं काहीतरी ‘सर्वांत’ मांडून दाखवायचं. थोडक्यात, विक्रमी मांडणी रचायची!

या खेळात दोन वाक्यं सारखी कानावर पडतात. एक, ‘मला जमत नाही.’ दुसरं, ‘हे होतच नाही.’ ऐकायला दोन्ही सारखीच वाटतात ना? पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक कळला की या खेळाची सगळी गंमत कळली म्हणून समजा.

सात की आठ?

वजिराचं हे कोडं मी आमच्या वरूड तालुक्यातल्या चौथीच्या वर्गाला घातलं होतं. शनिवारची सकाळची शाळा होती. कोणाचे पाच बसले, कोणाचे सहा. सुट्टीच्या घंटेपर्यंत एका गटाचे सात झाले.

“सर, सातच बसते. आठवा बसतच नाही!” त्यांनी जाहीर केलं.

“कावून बसत नाही?” मी विचारलं.

“आम्ही गंज खेपा करून पाह्यलं ना!”

आता तुम्हीच सांगा, हे उत्तर झालं का? पुष्कळ वेळा करून पाहिलं आणि झालं नाही, याचा अर्थ एवढाच की अजून जमलं नाही. होतच नाही, असं त्यावरून म्हणता येत नाही. सोमवारी त्याच वर्गातली एक मुलगी वही नाचवत आली. तिच्या चौकोनांत आठ वजीर अगदी सुखानं बसले होते, कोणी कोणाच्या वाटेत नाही! झालं, सातचा विक्रम एका रविवारात मोडला.

हे कोडं १८४८ मध्ये जर्मनीतल्या माक्स बेझेल यांनी एका बुद्धिबळ मासिकात मांडलं. दोनच वर्षांनी, १८५० मध्ये, फ्रान्झ नाउक यांनी त्याची सगळी उत्तरं छापली. आठ वजीर बसवण्याच्या ९२ रीती आहेत. पट फिरवला किंवा आरशात पाहिला तर सारख्याच दिसणाऱ्या रीती वगळल्या, तर खरोखर वेगळ्या अशा १२ उरतात. गाउस यांच्यासारखे जगप्रसिद्ध गणितीसुद्धा या कोड्यात रमले होते. मग चौथीतली पोरं रमली तर नवल काय!

आठ जमले म्हटल्यावर वर्गाचा हुरूप वाढला. “आता नऊ बी बसवतो!” एक जण म्हणाला. इथे मात्र जरा थांबायला हवं.

आमच्या वरूडकडे संत्र्यांचे मळेच मळे. तेव्हा संत्र्यांचंच उदाहरण घेऊ. समजा तुमच्याजवळ ८ टोपल्या आहेत आणि ९ संत्री. प्रत्येक टोपलीत एकापेक्षा जास्त संत्रं ठेवायचं नाही. जमेल का? कितीही हुशारीनं ठेवा, नववं संत्रं हातातच राहणार. आता पटाकडे पाहा. पटावर उभ्या रांगा आठच. एका उभ्या रांगेत दोन वजीर ठेवले की ते एकमेकांना मारणार. म्हणजे रांगा झाल्या टोपल्या आणि वजीर झाले संत्री. नववा वजीर कुठेच बसू शकत नाही. आज नाही, उद्या नाही, मोठ्या खेळाडूलाही नाही आणि संगणकालाही नाही. याला म्हणायचं ‘होतच नाही’! एकदाही करून न पाहता आपण ते ठामपणे सांगू शकलो.

म्हणजे विक्रमी मांडणीचं काम दोन हातांनी चालतं. एका हातानं मांडून दाखवायचं की एवढं होतं. दुसऱ्या हातानं पटवून द्यायचं की याच्यापुढे होत नाही. दोन्ही हात जुळले की टाळी वाजते.

चौदा उंट, बत्तीस घोडे

आता उंट घेऊ. उंट फक्त तिरपा चालतो. एकमेकांना न मारणारे जास्तीत जास्त किती उंट बसतील? आधी मांडून पाहू. सगळ्यांत खालच्या रांगेत आठच्या आठ घरांत उंट ठेवा. सगळ्यांत वरच्या रांगेत दोन्ही कोपरे सोडून सहा ठेवा. झाले चौदा! तपासून पाहा, एकही उंट दुसऱ्याच्या माऱ्यात नाही.

पंधरावा का नाही? पटावर एका दिशेनं जाणाऱ्या तिरप्या रेघा मोजा. बरोबर १५ भरतात. प्रत्येक रेघेवर एकच उंट बसू शकतो. मग १५ उंट बसायला हवेत ना? पण थांबा. त्यांतल्या पहिल्या आणि शेवटच्या रेघेत एकेकच घर आहे, ती म्हणजे पटाचे समोरासमोरचे दोन कोपरे. त्या दोन कोपऱ्यांना जोडणारी एक लांब तिरपी रेघ दुसऱ्या दिशेनं जाते. त्यामुळे दोन्ही कोपऱ्यांत उंट ठेवले की ते एकमेकांना मारतात. एक कोपरा सोडावाच लागतो. पंधरातून एक गेला, राहिले चौदा. टाळी वाजली!

घोड्याचं उत्तर तर फारच मोठं आहे, ३२! घोडा अडीच घरं चालतो आणि प्रत्येक उडीत घराचा रंग बदलतो. पांढऱ्या घरातला घोडा काळ्या घरात जातो, काळ्यातला पांढऱ्यात. म्हणून सगळ्या पांढऱ्या घरांत घोडे ठेवले तर ३२ घोडे गुण्यागोविंदानं राहतात. पण ३३ का नाहीत? काही पांढऱ्या, काही काळ्या घरांत बसवून एखादा जास्त का मावत नाही? याचं उत्तर द्यायला आपल्याला एका फार जुन्या खेळाची मदत घ्यावी लागेल. आणि तो खेळ आपल्याकडचाच आहे.

घोड्याची फेरी

रिकाम्या पटावर एकच घोडा ठेवायचा. त्यानं आपल्या चालीनं उड्या मारत सगळ्या ६४ घरांत जायचं, पण एकाही घरात दोनदा पाय ठेवायचा नाही. ही झाली घोड्याची फेरी.

नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रट यांनी ‘काव्यालंकार’ या संस्कृत ग्रंथात अर्ध्या पटाएवढ्या, म्हणजे ३२ अक्षरांचा श्लोक रचला. तो सरळ वाचा किंवा घोड्याच्या चालीनं उड्या मारत वाचा, श्लोक तोच! पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ हा मोठा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागूनच. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद याच ग्रंथात आहे. याच ‘मानसोल्लासा’त बुद्धिबळाचा खेळ आहे आणि घोड्याची फेरीही आहे. आता पाहा, ओवी आणि घोड्याची फेरी एकाच ग्रंथात!

सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठभट्टांनी ‘भगवंतभास्कर’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्याच्या ‘नीतिमयूख’ या भागात त्यांनी बुद्धिबळ सांगितलं आणि घोड्याच्या फेरीच्या वाटाही दिल्या. नीलकंठभट्टांचं भट्ट घराणं मूळचं आपल्या पैठणचं, काशीला जाऊन स्थायिक झालेलं. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट, तेही याच घराण्यातले. धर्मशास्त्राचे जाडे ग्रंथ लिहिणाऱ्या पंडितांनासुद्धा हा घोडा उड्या मारायला लावत होता, आहे की नाही मौज!

आता ३३ घोड्यांकडे वळू. कोणतीही एक पूर्ण फेरी घ्या आणि घोडा ज्या क्रमानं गेला त्या क्रमानं घरांना १ ते ६४ आकडे द्या. मग जोड्या लावा. १-२, ३-४, ५-६ असं करत ६३-६४ पर्यंत. जोड्या झाल्या ३२. प्रत्येक जोडीतली दोन घरं एकमेकांपासून घोड्याच्या एका उडीवर आहेत. म्हणजे एका जोडीत दोन घोडे ठेवले की ते एकमेकांना मारणार. एका जोडीत एक, ३२ जोड्यांत ३२. तेहतिसावा घोडा गेला हातातल्या नवव्या संत्र्याच्या वाटेनं! शेकडो वर्षांपूर्वीची फेरी अशी आजच्या कोड्यात उपयोगी पडते.

२१८ खेळ्यांची मांडणी

डाव सुरू होताना पांढऱ्याला पहिली खेळी किती प्रकारे करता येते? आठ प्यादी, प्रत्येकाच्या दोन चाली, झाल्या १६. दोन घोडे, प्रत्येकाच्या दोन, झाल्या ४. एकूण २०. डाव रंगला की हा आकडा वाढतो. मग जास्तीत जास्त किती वाढेल?

१९६४ मध्ये युगोस्लाव्हियातले नेनाद पेट्रोविच यांनी एक मांडणी रचली. प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं की त्याचा वजीर करता येतो. पेट्रोविच यांनी आठही प्याद्यांचे वजीर केले. मूळचा एक धरून वजीर झाले नऊ! मांडणी अशी आहे. उभ्या रांगांना डावीकडून ए ते एच म्हणायचं आणि आडव्या रांगांना खालून १ ते ८.

पांढरे वजीर: डी७, बी६, जी६, ई५, सी४, एच४, ए३, एफ३, डी२.
पांढरे हत्ती: ए८, एच८. उंट: बी१, जी१. घोडे: सी१, डी१. राजा: एफ१.
काळा राजा: ए१. काळी प्यादी: ए२, बी२.

पांढऱ्याची पाळी आहे. एका वहीत प्रत्येक मोहऱ्यासमोर त्याच्या खेळ्या लिहीत जा. मारायच्या खेळ्याही मोजायच्या. नुसत्या ई५ वरच्या वजिराच्याच २५ होतील. सगळ्यांची बेरीज २१८ आली पाहिजे. कमी आली तर कुठे तरी एखादी खेळी सुटली, असं समजून पुन्हा मोजा.

पण २१९ होतात का? १९६४ पासून पुढे साठ वर्षं जगभरच्या रचनाकारांना २१८ च्या पुढे जाता आलं नाही. तरी तोवर ते फक्त ‘कोणाला जमलं नाही’ एवढंच होतं. २०२४ मध्ये संगणक आणि गणित यांच्या जोडीनं दाखवून दिलं गेलं, की डावात येऊ शकेल अशा कोणत्याही मांडणीत २१८ पेक्षा जास्त खेळ्या असूच शकत नाहीत. साठ वर्षांनी दुसरा हात मिळाला आणि टाळी वाजली.

दोन गोष्टी

आता दोन खऱ्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. घोड्याच्या फेरीत आपण घरांना १ ते ६४ आकडे दिले होते. काहींच्या मनात आलं, हे आकडे जादूच्या चौकोनासारखे आले तर? म्हणजे प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या रांगेची बेरीज सारखी, २६०. (२६० च का? १ ते ६४ ची बेरीज २०८०. तिला ८ नं भागा.) विल्यम बेव्हर्ली यांनी १८४८ मध्ये अशी फेरी करून दाखवली. पण दोन्ही लांब कर्णांची बेरीजही २६० आली पाहिजे, हे काही कोणाला साधेना. दीडशे वर्षं लोक झटत राहिले. आणि फेऱ्या तरी किती? जिथून निघाली तिथेच एका उडीत परत येता येईल अशा नुसत्या बंद फेऱ्याच १३ लाख कोटींहून अधिक आहेत! शेवटी २००३ मध्ये संगणकानं सगळ्या शक्यता धुंडाळल्या. दोन महिने हिशेब चालला. रांगांची जादू साधणाऱ्या मूळच्या वेगळ्या फेऱ्या निघाल्या १४०. त्यांतल्या एकीचेही दोन्ही कर्ण जुळत नव्हते. म्हणजे ‘होतच नाही’!

दुसरी गोष्ट. प्याद्याचा वजीरच करायला हवा असं नाही. हत्ती, उंट किंवा घोडाही करता येतो. अमेरिकेतले जोसेफ बॅबसन यांनी १८८४ च्या सुमारास एक कल्पना मांडली. असं कोडं रचायचं, की काळ्यानं आपल्या प्याद्याचा वजीर केला तर पांढऱ्यानंही वजीरच करायचा. काळ्यानं हत्ती केला तर हत्ती, उंट केला तर उंट, घोडा केला तर घोडा. दुसरं काही केलं तर ठरलेल्या खेळ्यांत मात होता कामा नये. शंभर वर्षं हे कोडं भल्याभल्यांना हुलकावणी देत राहिलं. फ्रान्सचे पिएर द्रुमार यांनी त्यावर कित्येक वर्षं घालवली. १९८० मध्ये त्यांनी एक रचना केली, पण ती ओढूनताणून जमवलेली होती, त्यांचंच समाधान झालं नाही. १९८२ मध्ये त्यांनी हात टेकले. हे कोणालाच साधणार नाही, असं त्यांना वाटलं.

आणि १९८३ मध्ये रशियातल्या कझान शहरातल्या लिओनिद यारोश यांनी ते करून दाखवलं! हे यारोश कोण? फुटबॉलचे प्रशिक्षक! तोवर बुद्धिबळाच्या कोड्यांच्या जगात त्यांचं नाव फारसं कोणाला माहीतही नव्हतं. चार खेळ्यांत मात, आणि काळ्यानं जे केलं तेच पांढऱ्यानं. अगदी बॅबसन यांना हवं होतं तसं.

दोन्हीकडे माणसं झटली, दोन्हीकडे थकली. एकीकडे खरोखरच ‘होत नव्हतं’, दुसरीकडे फक्त ‘जमत नव्हतं’. थकलेल्या माणसाला आतून हा फरक कळत नाही. दोन्ही वेळा मन सारखंच म्हणतं, ‘सोड, नाही होत हे.’ म्हणून मनाचं ऐकायचं नाही, कारण विचारायचं. ‘का होत नाही, सांग!’ टोपल्या आणि संत्र्यांसारखं कारण सापडलं, तर खुशाल थांबायचं. त्यात हार नाही, तोही एक शोधच आहे. कारण सापडलं नाही, तर आठवा वजीर अजून कुठे तरी बसायचा बाकी आहे.

पालकांसाठी चार ओळी

आईबाबांनो, शाळेत रोज ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘मले जमत नाही.’ भागाकार येत नाही, इंग्रजी वाचता येत नाही, फळ्यासमोर बोलता येत नाही. कधीकधी घरातलं मोठं माणूसच त्यावर शिक्का मारतं, ‘याच्या डोक्यात गणित शिरतच नाही.’ मूल ते वाक्य खरं मानतं आणि प्रयत्न सोडतं. नववीत-दहावीत गेल्यावर तो शिक्का पुसणं फार कठीण जातं. तेव्हा एवढंच करा. मूल ‘जमत नाही’ म्हणालं की रागावू नका, आणि लगेच उत्तरही सांगू नका. ‘कुठे अडलं ते दाखव’ असं म्हणा आणि शेजारी बसा. पट विकत आणायलाच हवा असं नाही. वही आणि मूठभर चिंचोके पुरतात.

आता तुमची पाळी!

१. आठ वजीर बसवा. ९२ पैकी एक तरी रीत स्वतः शोधा.

२. राजा सगळीकडे एकच घर चालतो. एकमेकांना न मारणारे जास्तीत जास्त किती राजे बसतील? त्याहून एक जास्त का बसत नाही, तेही सांगा.

३. आता उलटं कोडं. कमीत कमी वजीर वापरून सगळा पट राखायचा. म्हणजे प्रत्येक घरात एक तर वजीर असेल, नाहीतर ते घर एखाद्या वजिराच्या माऱ्यात असेल.

उत्तरं: (१) एक रीत अशी. ए पासून एच पर्यंतच्या उभ्या रांगांत अनुक्रमे १, ५, ८, ६, ३, ७, २, ४ या घरांत वजीर ठेवा. (२) सोळा. पटाचे दोन बाय दोनचे १६ तुकडे पाडा. एका तुकड्यात दोन राजे ठेवले की ते एकमेकांना खेटतात, म्हणून एका तुकड्यात एकच. प्रत्येक तुकड्याच्या डाव्या खालच्या घरात राजा ठेवला की सोळाही नीट बसतात. (३) पाच वजीर पुरतात, चार पुरत नाहीत. आणि पाच वजीर ठेवायच्या ४,८६० रीती आहेत. त्यांतली एकही इथे सांगणार नाही!